वापरलेल्या अणुइंधनात उरलेली वीज

एक हजार मेगावॉटच्या नेहमीच्या अणुभट्टीला वर्षाला साधारण २० टन इंधन लागतं. वापरून झालेलं हे इंधन बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवलं, तर काटा पुन्हा २० टनांच्या आसपासच थांबेल. कोळशाची राख होते, धूर निघून जातो. इथे तसं काही होत नाही. सळया दिसायला बऱ्याचशा होत्या तशाच असतात, बदललेले असतात ते आतले अणू. २० टनांपैकी जेमतेम १ टन अणू फुटलेले असतात आणि तेवढ्यातून वर्षभरात सात-आठशे कोटी युनिट वीज निघालेली असते. उरलेले १९ टन जड अणू अजून फुटायचेच आहेत.

म्हणून ‘अणुकचऱ्यात ९५ टक्के ऊर्जा पडून आहे’ असं वाक्य बातम्यांत अधूनमधून झळकतं. वाक्य चुकीचं नाही. पण ते वाचून असं वाटतं, की हा साठा उचलून नव्या भट्टीत घातला की झालं, पिढ्यान्‌पिढ्या विजेची ददात नाही. प्रत्यक्षात या ९५ टक्क्यांपेक्षा त्याच इंधनातला १ टक्का कितीतरी जास्त मोलाचा आहे. तो मोलाचा का आणि तो हाताळणं इतकं अवघड का, हे कळलं की या विषयावरच्या बहुतेक बातम्यांमागचं खरं-खोटं आपलं आपल्याला तपासता येतं.

भट्टीत काय घडतं

अणुइंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या साधारण एक सेंटिमीटर उंचीच्या, तेवढ्याच जाडीच्या कडक गोळ्या. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक, लांब नळीत त्या एकावर एक रचतात. अशा नळ्यांची मोळी बांधली की एक इंधनसंच तयार होतो.

खाणीतून येणाऱ्या युरेनियमचे मुख्य प्रकार दोन. युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं, बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. मंद गतीचा न्यूट्रॉन आदळला की २३५ फुटतं, उष्णता देतं आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सोडतं. ही साखळी साध्या पाण्याच्या भट्टीत टिकवायची, तर २३५ चं प्रमाण वाढवून ३ ते ५ टक्क्यांवर न्यावं लागतं. तरीही गोळीत ९५ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ चाच राहतो, आणि मंद न्यूट्रॉनने ते फुटत नाही.

पण ते नुसतं बघतही बसत नाही. युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळतं आणि काही दिवसांत, दोन टप्प्यांनी, प्लुटोनियम-२३९ बनतं. हे प्लुटोनियम मात्र मंद न्यूट्रॉननेही सहज फुटतं. म्हणजे भट्टी इंधन जाळता जाळता नवं इंधन तयार करते आणि त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे जाळूनही टाकते. आजच्या नेहमीच्या अणुभट्ट्यांत जवळपास एक तृतीयांश ऊर्जा अशा आतच तयार झालेल्या प्लुटोनियममधून येते. प्लुटोनियमपासून वीज ही भविष्यातली कल्पना वाटते, पण अणुवीज वापरणारा प्रत्येक जण ती आजही वापरतो आहे.

मग एवढं शिल्लक असताना इंधन बाहेर का काढतात? पहिलं कारण, २३५ चा साठा उतरतो, १ टक्क्याच्याही खाली येतो. दुसरं, फुटलेल्या अणूंचे तुकडे साचतात आणि त्यातले काही न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतात. चुलीत राख साचली की लाकूड शिल्लक असूनही जाळ मंदावतो, तसंच हे. तिसरं कारण साधं, यांत्रिक आहे. चार-पाच वर्षं न्यूट्रॉनांचा मारा आणि प्रचंड उष्णता सोसून गोळ्या फुगतात, त्यांना तडे जातात, आत वायूंचा दाब वाढतो, नळीचा धातू गंजतो आणि ठिसूळ होतो. नळी फुटण्याआधीच ती बाहेर काढणं शहाणपणाचं.

बाहेर आलेल्या इंधनाचा हिशेब साधारण असा लागतो. ९५ टक्क्यांच्या आसपास युरेनियम, त्यातलं बहुतेक सगळं २३८. ३ ते ५ टक्के फुटलेल्या अणूंचे तुकडे, म्हणजे सीझियम, स्ट्राँशियम, आयोडिन, झेनॉन वगैरे. सुमारे १ टक्का प्लुटोनियम. आणि ०.१ टक्क्याच्या आसपास नेप्च्युनियम, अमेरिसियम, क्युरियम यांसारखी युरेनियमहून जड मूलद्रव्यं. हा शेवटचा वाटा सगळ्यांत छोटा, पण पुढे सगळ्यांत जास्त डोकेदुखी त्याचीच आहे.

नुसत्या उष्णतेवर वीज का होत नाही

वापरलेलं इंधन बाहेर काढल्यावरही तापत राहतं, त्याला वर्षानुवर्षं पाण्याच्या तलावात ठेवावं लागतं. मग त्या उष्णतेवरच टर्बाइन का फिरवू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल.

भट्टी बंद करताक्षणी इंधनाची उष्णता पूर्ण क्षमतेच्या ६-७ टक्के असते. एका दिवसात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. दहा वर्षांनी एक टन इंधनातून एक-दोन किलोवॉट उष्णता निघते, म्हणजे साधारण पाणी तापवायच्या एका गीझरइतकी. भट्टीत असताना हेच टनभर इंधन ३५-४० मेगावॉट देत होतं, वीस-पंचवीस हजार पटींनी जास्त. शिवाय ही उरलेली उष्णता फार वरच्या तापमानाची नसते, त्यामुळे तिचं विजेत रूपांतर करताना बहुतेक वाया जाते. तलाव गरम ठेवायला ती पुरेशी आहे, वीजकेंद्र चालवायला नाही.

किरणोत्सारातून थेट थोडीशी वीज घेता येते, आणि जिथे थोडीशीच हवी असते तिथे ती अनमोल ठरते. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर ही अवकाशयानं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर चालत आली आहेत. हे प्लुटोनियम-२३८ बनवण्यासाठी लागणारं नेप्च्युनियम वापरलेल्या इंधनातूनच मिळतं. ब्रिटनमध्ये २०१९ साली शास्त्रज्ञांनी जुन्या प्लुटोनियमच्या साठ्यातून अमेरिसियम वेगळं केलं आणि त्याच्या उष्णतेवर एक छोटा दिवा लावून दाखवला. अमेरिसियम-२४१ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे अणू निम्मे व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षांचं, म्हणून दूरच्या अवकाशमोहिमांसाठी त्याकडे डोळे लागले आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये गॅमा किरणांचा प्रकाश करून त्यावर सौरघट चालवला. वापरलेल्या इंधनात भरपूर असलेल्या सीझियम-१३७ पासून त्यांना मिळाली २८८ नॅनोवॉट वीज. एका वॉटचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले २८८ भाग. संवेदकाला तिचा उपयोग होईल, पण घरातला दिवा त्यावर लागणार नाही. ‘अणुकचऱ्यापासून बॅटरी’ अशी बातमी दिसली की आधी आकड्यापुढचं एकक बघावं.

खरी वीज हवी असेल, तर उरलेले अणू फोडावे लागतात. त्याला रस्ते दोन.

पहिला रस्ता: आहेत त्याच भट्ट्यांत पुन्हा

हा रस्ता नुसता शक्य आहे असं नाही, फ्रान्समध्ये तो अनेक दशकं रोजच्या वापरात आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ला हाग इथे पुनर्प्रक्रियेचा कारखाना आहे आणि वर्षाला सुमारे एक हजार टन वापरलेलं इंधन तिथे उघडलं जातं.

‘उघडणं’ म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. नुकत्या बाहेर काढलेल्या इंधनसंचाजवळ आडोशाशिवाय उभं राहिलेल्या माणसाला काही मिनिटांत जिवावर बेतेल एवढा किरणोत्सार लागतो. म्हणून सगळं काम मीटरभर जाडीच्या काँक्रीटच्या बंद खोल्यांत चालतं. माणसं बाहेर उभी राहून शिसं मिसळलेल्या जाड काचेतून बघतात आणि यांत्रिक हात चालवतात. आत मोठी कात्री नळ्यांचे काही सेंटिमीटरांचे तुकडे करते. ते तुकडे गरम नायट्रिक आम्लात पडतात. इंधन विरघळतं, नळीची टरफलं मागे राहतात. मग या आम्लात केरोसीनसारख्या द्रावकात मिसळलेलं ट्रायब्युटिल फॉस्फेट घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम आम्ल सोडून त्या तेलकट थरात जातात आणि फुटलेल्या अणूंचे तुकडे आम्लातच राहतात. पुढच्या पायऱ्यांत युरेनियम आणि प्लुटोनियमही एकमेकांपासून वेगळे होतात. मागे उरलेलं अतिकिरणोत्सारी आम्ल आटवून वितळलेल्या काचेत मिसळतात आणि ती काच पोलादी डब्यांत ओततात. एका डब्यात साधारण ४०० किलो काच मावते. पुढे जमिनीखाली पुरायचा खरा कचरा तो हा.

या रसायनाचा पाया १९४० च्या दशकात अमेरिकेत घातला गेला, आणि तो वीज काढण्यासाठी नव्हता. शुद्ध प्लुटोनियम हवं होतं ते बॉम्बसाठी. ही सावली या तंत्रज्ञानावरून आजही हटलेली नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

वेगळं केलेलं प्लुटोनियम युरेनियमच्या ऑक्साइडमध्ये मिसळलं की मॉक्स नावाचं इंधन बनतं. फ्रान्सच्या अणुविजेतला सुमारे १० टक्के वाटा असा पुनर्वापरातून येतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण सगळ्यांत अनुभवी देशाने, सगळ्यांत मोठा कारखाना चालवून मिळवलेला लाभ १० टक्के आहे, ९५ नव्हे. आणि मॉक्स एकदा वापरलं की त्यातल्या प्लुटोनियमची प्रत बिघडते. प्लुटोनियम-२४० आणि २४२ वाढतात, मंद न्यूट्रॉनने ते फुटत नाहीत. त्यामुळे वापरलेलं मॉक्स पुन्हा तलावातच जातं.

जड पाण्याच्या भट्टीची यात एक वेगळीच गंमत आहे. जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी. ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून या भट्ट्या ०.७ टक्के युरेनियम-२३५ असलेल्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. आणि साध्या पाण्याच्या भट्टीतून ‘संपलं’ म्हणून बाहेर पडणाऱ्या इंधनात २३५ चं प्रमाण अनेकदा ०.८ टक्क्याच्या आसपास असतं. एका भट्टीचं उष्टं दुसरीला पुरून उरतं! दक्षिण कोरिया आणि कॅनडा यांनी यावर एकत्र संशोधन केलं, तर चीनने आपल्या छिनशान इथल्या जड पाण्याच्या भट्टीत असं पुन्हा मिळवलेलं युरेनियम २०१० मध्ये वापरून पाहिलं. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी तर वापरलेले इंधनसंच आहेत तसेच जड पाण्यात ठेवून शहराला उष्ण पाणी पुरवण्याची कल्पना मांडली आहे, वीज नाही, नुसती उष्णता. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. पण तिच्यातूनही थोडीच ऊर्जा वाढते. युरेनियम-२३८ चा डोंगर जवळजवळ तसाच राहतो.

दुसरा रस्ता: वेगवान न्यूट्रॉन

डोंगर हलवायचा तर न्यूट्रॉनांना मंद करायचंच नाही. अशा भट्टीला जलद भट्टी म्हणतात. वेगवान न्यूट्रॉन जवळजवळ कुठलाही जड अणू फोडू शकतो. प्लुटोनियमचे बिघडलेले प्रकारही फुटतात, अमेरिसियमही फुटतं. शिवाय वेगवान न्यूट्रॉनने प्लुटोनियम फुटलं की नवे न्यूट्रॉन जास्त निघतात. साखळी चालू ठेवून वर जे उरतात ते युरेनियम-२३८ गिळतं आणि नवं प्लुटोनियम बनतं. जेवढं जळलं त्याहून जास्त बनवता आलं, तर तिला प्रजनक भट्टी म्हणतात.

हे कागदावरचं स्वप्न नाही. अणुशक्तीतून वापरण्याजोगी वीज पहिल्यांदा मिळाली तीच अशा भट्टीतून. २० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये ईबीआर-१ या छोट्या भट्टीने २०० वॉटचे चार दिवे पेटवले. तिच्या पुढच्या पिढीची ईबीआर-२ भट्टी १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षं चालली, आणि तिचं वापरलेलं इंधन शेजारच्याच इमारतीत प्रक्रिया करून पुन्हा तिच्यातच घातलं गेलं. एप्रिल १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यावर एक धाडसी प्रयोग केला. भट्टी पूर्ण क्षमतेवर चालू असताना आपोआप बंद करणारी यंत्रणा बाजूला ठेवली आणि थंड करणारे पंप बंद केले. धातूचं इंधन तापलं, प्रसरण पावलं, न्यूट्रॉन जास्त निसटू लागले आणि भट्टी कुणी हात न लावता स्वतःच मंदावली. त्याच महिन्याच्या अखेरीस चेर्नोबिल घडलं आणि जगाच्या लक्षात राहिलं ते चेर्नोबिल.

आता उर्जेचा हिशेब करू. १ ग्रॅम जड अणू फुटले की सुमारे १ मेगावॉट उष्णता दिवसभर मिळते. हजार मेगावॉट विजेसाठी जलद भट्टीला सुमारे २,५०० मेगावॉट उष्णता लागते, म्हणजे दिवसाला अडीच किलो अणू फोडायचे. वर्षाला होतात ९०० किलो, सोयीसाठी १ टन धरू. सुरुवातीच्या २० टनांपैकी १९ टन उरले होते. म्हणजे एका भट्टीच्या एका वर्षाच्या ‘कचऱ्यावर’ तेवढ्याच ताकदीची जलद भट्टी तत्त्वतः १९ वर्षं चालेल.

जगभर अणुवीज सुरू झाल्यापासून सुमारे ४ लाख टन इंधन वापरून बाहेर आलं आहे. त्यातल्या एक तृतीयांशाच्या आसपास पुनर्प्रक्रिया झाली, पावणेतीन लाख टनांच्या जवळपास तसंच पडून आहे. हजार मेगावॉटच्या एक हजार जलद भट्ट्या बांधल्या, तर हा साठा त्यांना अडीचशे वर्षांहून अधिक पुरेल. आज जगात सगळ्या प्रकारच्या मिळून चालू अणुभट्ट्या आहेत चारशेहून थोड्या अधिक.

या आकड्याच्या दोन्ही बाजू बघायला हव्यात. ऊर्जा अफाट आहे, यात वाद नाही. पण कचरा झटपट संपवायचा मार्ग म्हणून कुणी जलद भट्टीकडे बघत असेल, तर हाच हिशेब सांगतो की एक भट्टी वर्षाला फक्त एक टन संपवते.

९५ टक्के की १ टक्का

युरेनियम समृद्ध करताना, म्हणजे त्यातलं २३५ चं प्रमाण वाढवताना, मागे काय राहतं, याचा विचार सहसा कुणी करत नाही. १ टन समृद्ध इंधनासाठी ८ ते १० टन नैसर्गिक युरेनियम लागतं. बाकीचे सात-नऊ टन जवळजवळ शुद्ध युरेनियम-२३८ असतं, आणि ते पिंपांत भरून ठेवलेलं असतं. जगात असं दहा लाख टनांहून अधिक पडून आहे. त्याचा किरणोत्सार क्षीण आहे, ते हाताळायला सोपं आहे, त्याला कात्री नको, आम्ल नको.

मग जलद भट्टीला २३८ हवं असेल, तर ती वापरलेल्या इंधनातलं जहाल युरेनियम कशाला मागेल? शेजारच्या पिंपातलं स्वच्छ युरेनियम घेईल. रशियातल्या बेलोयार्स्क इथल्या बीएन-८०० भट्टीत नेमकं हेच होतं. २०२२ पासून ती पूर्णपणे मॉक्स इंधनावर चालते, आणि त्या इंधनात युरेनियम असतं ते समृद्धीकरणातून उरलेलं, तर प्लुटोनियम असतं ते वापरलेल्या इंधनातून काढलेलं.

म्हणून वापरलेल्या इंधनातली खरी चीज आहे ते १ टक्का प्लुटोनियम. युरेनियम-२३८ आपण होऊन पेटत नाही, त्याला पेटवायला प्लुटोनियम लागतं. आणि ते लागतं टनांनी. हजार मेगावॉटची एक नेहमीची भट्टी वर्षाला जेमतेम २०० किलो प्लुटोनियम मागे सोडते. मोठ्या जलद भट्टीची पहिली भरणी करायला अशा भट्टीचं वीसएक वर्षांचं प्लुटोनियम साठवावं लागतं. जलद भट्ट्यांची संख्या किती वेगाने वाढू शकते, हे युरेनियमच्या साठ्यावर नाही, या प्लुटोनियमवर ठरतं.

डॉ. होमी भाभांनी १९५० च्या दशकात आखलेला भारताचा तीन टप्प्यांचा कार्यक्रम याच गणितावर उभा आहे. देशात युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. म्हणून आधी जड पाण्याच्या भट्ट्या, मग त्यांच्या वापरलेल्या इंधनातल्या प्लुटोनियमवर जलद प्रजनक भट्ट्या आणि त्यानंतर थोरियम. या दुसऱ्या टप्प्यासाठी कल्पाक्कम इथे ५०० मेगावॉटच्या भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि तिच्या गाभ्याची भरणी सुरू व्हायला २०२४ उजाडलं. वीस वर्षं लागली. हा उशीर एकट्या भारताचा नाही, त्याला कारणं आहेत.

सोडियमची कटकट

पाणी न्यूट्रॉनांना मंद करतं, म्हणून जलद भट्टीत पाणी चालत नाही. बहुतेक ठिकाणी त्याऐवजी द्रव सोडियम वापरतात. ९८ अंशांना तो वितळतो, ८८३ अंशांना उकळतो, उष्णता झकास वाहून नेतो, आणि त्याला पाण्यासारखा प्रचंड दाब द्यावा लागत नाही. पण हवेत आला की पेटतो, पाण्याशी गाठ पडली की भडका उडतो, आणि आरपार दिसत नसल्यामुळे भट्टीच्या आतलं काही डोळ्यांनी तपासता येत नाही.

जपानच्या मोंजू भट्टीचं उदाहरण घ्या. ८ डिसेंबर १९९५ ला तिच्या दुय्यम नळमार्गातून सोडियम गळला आणि पेटला. कारण काय, तर तापमान मोजणाऱ्या उपकरणाचं नळीत घुसवलेलं आवरण. वाहत्या सोडियममुळे ते थरथरत राहिलं आणि शेवटी तुटलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही, कुणी दगावलं नाही. पण अपघाताची चित्रफीत दडवल्याचं उघड झालं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१६ मध्ये भट्टी कायमची मोडीत काढायचा निर्णय झाला. फ्रान्सची सुपरफिनिक्स १,२०० मेगावॉटची होती, जगातली सगळ्यांत मोठी जलद भट्टी. तांत्रिक अडचणी, विरोध आणि खर्च यांत ती अडकत गेली आणि १९९७ मध्ये सरकारने ती बंद करायचं ठरवलं. दुसरीकडे रशियाची बीएन-६०० सुरुवातीच्या गळत्या निस्तरून १९८० पासून वीज देत आली आहे. म्हणजे सोडियम काबूत राहतो, पण त्यासाठी दशकांची चिकाटी आणि न थांबणारा पैसा लागतो. नवं युरेनियम खाणीतून सहज मिळत असताना एवढा पैसा घालायला वीज कंपन्या तयार होत नाहीत.

या अडचणींना वळसा घालू म्हणणाऱ्या नव्या कंपन्या येत असतात, आणि त्यांच्यातल्या तरुण अभियंत्यांची तळमळ खरी असते. पण आकडे तपासून घ्यावेत. अमेरिकेतल्या ट्रान्सॲटॉमिक पॉवर या कंपनीने वितळलेल्या क्षाराच्या भट्टीत वापरलेलं इंधन वापरून, टनामागे नेहमीपेक्षा ७५ पट वीज काढू, असं म्हटलं होतं. एमआयटीतल्या तज्ज्ञांनी गणित तपासल्यावर २०१६ मध्ये कंपनीनेच तो आकडा ‘दुपटीहून जास्त’ इथवर खाली आणला. वापरलेल्या इंधनावर भट्टी चालवण्याची गोष्टही मागे पडली आणि २०१८ मध्ये कंपनीने काम थांबवलं. आपलं सगळं संशोधन तिने जगासाठी खुलं केलं, हे मात्र तिच्या श्रेयाचं.

कचरा उरतोच, आणि बॉम्बची भीतीही

जलद भट्ट्यांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. वापरलेल्या इंधनाचा विषारीपणा खाणीतल्या युरेनियमच्या पातळीवर यायला काही लाख वर्षं लागतात. प्लुटोनियम आणि अमेरिसियमसारखी जड मूलद्रव्यं जवळजवळ पूर्णपणे काढून जाळली, तर तोच काळ काही शतकांवर येतो, कारण मागे मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० उरतात आणि त्यांचं अर्धायुष्य तीसएक वर्षांचं आहे. बीएन-८०० मध्ये २०२४ साली अमेरिसियम आणि नेप्च्युनियम मिसळलेलं इंधन चाचणीसाठी घातलं गेलं, ते याच हेतूने. बेल्जियममध्ये मोल इथे उभा राहत असलेला मिर्रा प्रकल्प हेच काम कणत्वरकाच्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, मदतीने करून पाहणार आहे.

पण टेक्नेशियम-९९ आणि आयोडिन-१२९ हे तुकडे कुठल्याही मार्गाने शिल्लक राहतात. पहिल्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक, दुसऱ्याचं दीड कोटी वर्षांहून अधिक. प्लुटोनियम खडकाला चिकटून बसतं, हे दोघे मात्र पाण्याबरोबर सरकतात. त्यामुळे जमिनीखालची खोल गुहा टळत नाही, फक्त ती लहान पुरते. फिनलंडने तर पुनर्प्रक्रियेच्या भानगडीत न पडता ओल्किलुओतो इथे चारशेहून अधिक मीटर खोल खडकात तांब्याच्या डब्यांतून इंधन कायमचं पुरण्याची सोय केली आहे.

राहिली बॉम्बची सावली. वापरलेलं इंधन तसंच असतं तोवर त्याचा किरणोत्सारच त्याची राखण करतो, चोर जवळ फिरकू शकत नाही. प्लुटोनियम वेगळं केलं की ही राखण संपते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियमला एका बॉम्बच्या दृष्टीने लक्षणीय मात्रा धरते, आणि मोठा कारखाना वर्षाला टनांनी प्लुटोनियम वेगळं करतो. भारताने १९७४ मध्ये केलेल्या अणुचाचणीनंतर अमेरिकेत ही चिंता वाढली, आणि १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तिथली व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत थांबवली. पुढे रेगन यांनी बंदी उठवली, तरी उद्योग परत उभा राहिला नाही. ब्रिटनने अनेक दशकं पुनर्प्रक्रिया करून सुमारे १४० टन प्लुटोनियम जमवलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं, की त्यापासून वीज करायची नाही, ते घट्ट बांधून पुरायचं. वीज करण्याच्या आशेनेच जमवलेला साठा असा पुरायला निघावा, याचं मला फार वाईट वाटतं. पण ज्या देशाकडे ते जाळायला भट्टीच नाही, त्याने दुसरं काय करायचं, हेही तितकंच खरं.

थांबून वाट बघण्यातही फायदा-तोटा आहे. इंधन जितकं जुनं, तितकी त्याची उष्णता आणि किरणोत्सार कमी, हाताळणं सोपं. पण त्यातलं प्लुटोनियम-२४१, जे सहज फुटतं आणि म्हणून कामाचं, दर १४ वर्षांनी निम्मं होत जातं आणि त्याचं अमेरिसियम-२४१ बनतं. पन्नास वर्षं पडून राहिलेल्या इंधनात त्याचा दहावा भागसुद्धा उरत नाही.

सध्या सगळ्यांत बारकाईने पाहण्याजोगं ठिकाण सायबेरियातलं सेवेर्स्क आहे. २०२१ पासून तिथे ब्रेस्ट नावाची ३०० मेगावॉटची भट्टी बांधली जाते आहे. तिच्यात सोडियमऐवजी वितळलेलं शिसं असेल, जे हवेत किंवा पाण्यात पेट घेत नाही. भट्टी, तिचं इंधन बनवणारा कारखाना आणि वापरलेलं इंधन पुन्हा वेगळं करणारा विभाग हे तिन्ही एकाच आवारात उभे करायचे, अशी तिथली योजना आहे. बाहेरून पुढे फक्त युरेनियम-२३८ आत यायचं आणि फुटलेल्या अणूंचे तुकडे तेवढे बाहेर पडायचे. हे चक्र सलग काही फेरे कितपत सुरळीत फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात किती प्लुटोनियम निसटतं, हे त्या आवारात मोजलं जाईल.